सुटल्यानंतरचा उजेड

लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस जेमतेम ८ तासांचा, तर जूनमधला साडेसोळा तासांचा. मुंबईत हा फरक फार तर सव्वादोन तासांचा. त्यामुळे वसंतात घड्याळं पुढे करायची पद्धत आपल्याला विचित्र वाटते. पण तिच्या मुळाशी असलेली इच्छा कुठल्याही नोकरदाराला कळेल.

न्यूझीलंडच्या टपाल खात्यात काम करणाऱ्या जॉर्ज हडसनला कीटक गोळा करायचा नाद होता. सुटल्यावर उजेड उरावा म्हणून १८९५ मध्ये त्याने उन्हाळ्यात घड्याळ २ तास पुढे करायचं सुचवलं. लोकांनी चेष्टा केली. १९०७ मध्ये लंडनच्या विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने पत्रक काढलं : एप्रिलच्या ४ रविवारी २०-२० मिनिटं पुढे करा. संसदेने ते मानलं नाही. १९१५ मध्ये विलेट वारला.

पुढच्याच वर्षी युद्धासाठी कोळसा वाचवायला आधी जर्मनीने आणि तीन आठवड्यांनी ब्रिटनने घड्याळं तासभर पुढे केली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारताचं घड्याळही तासभर पुढे होतं.

माणसाला संध्याकाळ हवी होती तेव्हा कुणी ऐकलं नाही. युद्धाला कोळसा हवा झाला, तेव्हा मात्र घड्याळ लगेच सरकलं.