काळी काच

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. आमच्या परभणीचा इतिहास म्हटला की लोक निजामाच्या राजवटीपासून सुरू करतात. मला मात्र हल्ली एका साध्या वस्तूचा इतिहास खुणावतोय, वेल्डिंगच्या शील्डमधल्या काळ्या काचेचा.

आधी लोहार होता. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची तर ती भट्टीत लाल करायची, लाकडी चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की चाक घट्ट आवळलं जायचं. लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे तरी तेच, दोन्ही तापवून ऐरणीवर घणाने ठोकायचे. धोका होताच, पण तो डोळ्यांना दिसणारा. लाल लोखंडाला हात लावू नये हे कुणाला शिकवावं लागत नाही.

विजेच्या वेल्डिंगची गोष्ट दूरची. १८८१ मध्ये रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्दोस यांनी कार्बनच्या कांडीने धातू जोडून दाखवला. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरली. पुढे स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी त्या कांडीवर लेप चढवला. आपल्याकडचे कारागीर जिला नुसतं ‘रॉड’ म्हणतात, ती हीच. लेप जळतो, त्याचा वायू वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो. गंमत बघा, जोड सुरक्षित झाला, पण त्या लेपाचा आणि धातूचा धूर गेला जोडणाऱ्याच्या छातीत. या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हटलं ते थेट २०१७ मध्ये!

आपल्या जिल्ह्यात हे यंत्र गावोगाव पोचलं त्यामागे पाणी आणि वीज आहे. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. २४ फेब्रुवारी १९७६ ला जायकवाडीचं उद्घाटन झालं आणि डाव्या कालव्याचं पाणी परभणीच्या शिवारांपर्यंत आलं. पाणी आलं की ऊस आला, मोटारी आल्या, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या आल्या. आणि ट्रॉली म्हणजे तुटणारच! गंगाखेड रोड असो, जिंतूर रोड असो, पत्र्याची शेडं उभी राहिली.

माझ्या मोठ्या मामांचं असंच एक शेड होतं. दोन माणसांचं. एक मामा, दुसरा हाताखालचा पोरगा. काळी काच एकच, ती मामांच्या हातात. पोरगा लोखंडाचा तुकडा धरून मान वळवायचा. आम्ही भाचे घुटमळलो की मामा ओरडायचे, “तिकडं बघू नका रे पोरांनो, डोळे जातील!” पोराला मात्र तिथंच उभं राहणं भाग होतं. रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू खुपल्यासारखी व्हायची, पाणी थांबायचं नाही. मग बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी. सकाळी डोळे सुजलेले, तरी कामावर हजर.

यातली खोच अशी, की त्रास उजेड पडतो तेव्हा होत नाही, पाच-सहा किंवा अधिक तासांनी होतो. आर्कमधून निघणारे अतिनील किरण बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतात. एकदा भाजलेला पापुद्रा एक-दोन दिवसांत भरून येतो आणि श्रेय बटाट्याला मिळतं! म्हणून तर काच राहून गेली आणि बटाटा टिकला. बाजारातला काळा चष्माही कामाचा नाही. तो झळाळी कमी करतो, पण हातकामाच्या आर्कला दहा-अकरा नंबरची वेल्डिंगची काच लागते आणि तोंड-मान झाकणारं शील्ड लागतं.

आता कायद्याकडे येतो. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं आणि सहाच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, देशाचा कारखाना अधिनियम मंजूर झाला. त्याचं ३५ वं कलम खास डोळ्यांसाठी. अतितीव्र प्रकाशाचा धोका असेल तर चष्मे किंवा आडोसे द्यावेत, आणि तेही फक्त काम करणाऱ्याला नव्हे, अगदी जवळ असणाऱ्यालाही. म्हणजे हाताखालच्या पोराची आठवण कायद्याला होती! पण विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा किंवा अधिक कामगारांचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ‘कारखान्या’साठी हा आकडा वीस आहे. दोन माणसांचं शेड तेव्हाही बाहेर होतं, आजही बाहेरच आहे.

त्यामुळे अशा शेडांत सुरक्षेचं ज्ञान तोंडोतोंडीच गेलं. त्यातलं काही अचूक. पावसाळ्यात कोरड्या फळीवर उभं राहा, ओला हातमोजा घालू नको. (होल्डरला पन्नास ते ऐंशी व्होल्ट असतात, ओल्या अंगाला तेवढे पुरतात.) टेरिकॉट नको, सुती घाल. काही अर्धवट. जस्ताच्या पत्र्याचं काम केलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तर दूध प्या म्हणतात. दूध धूर उतरवत नाही. कामाआधी जस्त घासून काढणं, वारा पाठीमागून किंवा बाजूने ठेवणं हाच उपाय. आणि काही कुणी सांगितलंच नाही, जसं की डिझेलचा रिकामा बंद पिंप हा भरलेल्यापेक्षाही धोक्याचा. आतली वाफ ठिणगीने पेटते.

धाव चढवणाऱ्याला आग दिसत होती. वेल्डरला जे भाजतं ते दिसत नाही, म्हणून इथे अनुभवातून शिकायला उशीर होतो. तुमच्या गावात, नात्यात कुणाचं शेड असेल तर पुढच्या खेपेला जाताना एक जास्तीचं शील्ड घेऊन जा. हाताखालच्या पोरासाठी.