जुनी व्हॅन घेताना आधी तिचं खानदान बघा

आज सुरुवात एका साध्या प्रश्नाने. सामान वाहणाऱ्या छोट्या गाडीला आपण 'टेम्पो' का म्हणतो?

हा शब्द आला जर्मनीतल्या हारबुर्गहून, म्हणजे हॅम्बुर्गमधून. तिथे टेम्पो नावाची कंपनी छोट्या मालगाड्या बनवायची. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये तिच्याशी हात मिळवून आपल्याकडे तीनचाकी टेम्पो आणला, आणि कंपनीचं नाव गाडीलाच चिकटलं. आधी कारखाना मुंबईत गोरेगावला होता, मग आकुर्डीला आला. तळेगावहून पुण्याची लोकल धरा, चौथं स्टेशन.

आता मी या इतिहासात कसा शिरलो? आम्ही तिघा मित्रांनी जुनी व्हॅन घेऊन तिची कॅम्परव्हॅन करायचं ठरवलं. बजेट सगळं धरून चार लाख. कामशेतला एक गाडी बघितली. रंग चकाचक, सीटकव्हर नवी, किंमत बजेटमध्ये. आम्ही फोटो काढायला लागलो. सोबत आलेल्या मेस्त्रीकाकांनी इंजिन चालूसुद्धा केलं नाही. एवढंच विचारलं, "पोरांनो, हिचे पार्ट कुठून आणणार?"

आम्ही गप्प. पण प्रश्न डोक्यात बसला.

आता बघा, हा प्रश्न खुद्द टेम्पो कंपनीलाही पडला होता. १९४९ मध्ये त्यांनी मॅटाडोर काढली, तिच्यात फोक्सवॅगनचं इंजिन होतं. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन आणली. तीच ती गोल नाकाची, जी घेऊन हिप्पी लोक पुढे काबूलमार्गे भारतापर्यंत आले. मग १९५२ च्या सुमारास टेम्पोला इंजिन मिळणं बंद झालं. गाडी चांगली, पण इंजिन दुसऱ्याच्या हातात!

आपली मॅटाडोर ही त्याच घराण्यातली, पण नंतरची पिढी. आकुर्डीत तिचं नशीब उघडलं. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, भाजी, रुग्ण, सगळं तिने वाहिलं. पुढच्या चाकांना ताकद देणारी रचना, त्यामुळे मागची जमीन खाली आणि सपाट. कॅम्परला हवी तशीच. १९८० च्या दशकात तिला मर्सिडीजच्या परवान्यावर इथेच बनलेलं २.४ लिटरचं डिझेल इंजिन मिळालं. १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली, ट्रॅक्स आली, आणि हेच इंजिन त्यांच्यातही गेलं. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण इंजिन चालूच राहिलं. म्हणून आजही जुन्या ट्रॅव्हलरचं काम हायवेवरचा साधा मेस्त्री करू शकतो.

याची उलट बाजू आमच्या तळेगावातच आहे. जनरल मोटर्सने इथे २००८ मध्ये मोठा कारखाना सुरू केला. २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही थांबवलं. आता ती जागा ह्युंदाईकडे आहे. कंपन्या येतात, जातात. गाडी मात्र तुमच्या दारात उभी राहते. म्हणून मॉडेल किती विकलं गेलं, इंजिन अजून कुठल्या गाड्यांत होतं, हे आधी बघायचं.

शेवटी आम्ही ती चकाचक गाडी सोडली आणि एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, दोन लाख साठ हजारांना. काकांनी मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर तो आरपार! मावळातल्या पावसाने पत्रा खाल्लेला. मग किंमत वीस हजारांनी उतरली आणि पत्रा-वेल्डिंगला बावीस हजार गेले. टायर, ब्रेक, रेडिएटर, बॅटरी मिळून पंचाहत्तर हजार. ब्रेकवर कंजूषी करू नका, बोरघाट उतरायचाय. आणि उतरताना खालचा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका.

कागदांचं तर वेगळंच रामायण. चॅसिस नंबर आरसीशी जुळवा. बँकेचा बोजा उतरलाय का बघा. पाटी पिवळी असेल तर परमिट, फिटनेस, टॅक्स वेगळा. खाजगी गाडीला १५ वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, आणि त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. सीट काढून पलंग बसवायचा तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आधी आरटीओची परवानगी, मग सुतार.

आमची परवानगी अजून यायचीय. त्यामुळे पवना धरणावरची पहिली रात्र आम्ही तिघांनी सीटवर बसूनच काढली. मान अवघडली, पण सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. काकांना फोन केला, तर म्हणाले, "खानदानी आहे रे ती."

चला मंडळी, तुमच्या घरी मॅटाडोरचा जुना फोटो असेल तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!