सैनिकाच्या पाठीवरचं ओझं कोणी लिहायचं?

जुना जालन्यातून भोकरदनच्या बाजूला गेलात तर पुढे केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव लागतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. आपल्या जिल्ह्यातल्या या लढाईवर एक गाजलेली इंग्रजी कादंबरी आहे, बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स ट्रायंफ’ (१९९८). जिल्ह्यातल्या किती पोरांना हे माहीत आहे?

कादंबरीचा नायक शार्प हा लंडनच्या गल्लीतला अनाथ. सैन्यात चाबकाचे फटके खाल्लेला. सुरुवातीच्या कत्तलीत सोबतचे सगळे मरतात, हा मेल्याचं सोंग घेऊन वाचतो. ते ओझं घेऊन तो असईला पोहोचतो, वेलस्लीचा जीव वाचवतो आणि अधिकारी होतो. गोऱ्या गरिबाच्या मनात काय चाललंय, हे लेखकाने आपल्याला दाखवलं.

पण वेलस्लीकडे गोऱ्यांच्या पायदळी पलटणी दोनच होत्या. बाकीचं पायदळ मद्रासकडच्या देशी शिपायांचं. त्या दिवशी कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले. त्यातल्या देशी शिपायाच्या मनात काय होतं? कादंबरीत तो गर्दीतच राहतो.

इंग्रज लेखकाला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपण काय केलं? १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतल्या मृतांची नावं भीमेकाठच्या विजयस्तंभावर कोरली आहेत. त्यातली २२ नावं ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. आज आपण लाखोंनी जातो. पण शत्रू किती होते आणि आपले किती, या आकड्यांपलीकडे आपलं बोलणं जात नाही. तहानेने कोरड पडलेला घसा, शेजारी कोसळलेला सोबती, घरी वाट बघणारी आई हे कोणी लिहिलं? पोवाड्यात शौर्य मावतं, भीती मावत नाही. आणि भीती नसलेला सैनिक म्हणजे नुसता पुतळा.

काही जण विचारतात, कंपनीसाठी लढलेल्यांचा अभिमान कसला? गावात ज्याच्या सावलीचाही विटाळ होता, त्याला पलटणीत गणवेश, पगार आणि हुद्दा मिळाला. तो कोणासाठी लढला, हे विचारण्याआधी तो कशातून सुटायला निघाला होता, हे विचारा. आणि इंग्रजांनी तरी काय केलं? १८९२-९३ च्या सुमारास ‘लढवय्या जाती’चं खूळ काढून महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाला त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. ज्या सरकारसाठी रक्त सांडलं, त्याच सरकारला ‘आम्ही लढवय्ये आहोत’ हे पटवत बसायचं! हे ओझं शार्पच्या वाट्याला आलं नाही.

आता १९०१ चा मसूर स्टेशनवरचा प्रसंग आठवा. सुभेदार रामजी सकपाळांची मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली होती. नवे कपडे, नव्या टोप्या. जात कळताच गाडीवाले नाही म्हणाले. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ भाकरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांनी ते लेकराच्या नजरेतून सांगितलं. मी त्यात बापाला शोधतो. आयुष्य पलटणीत घालवलेल्या सुभेदाराला आपल्या पोरांची ही रात्र कळली असेल, तेव्हा त्याला काय वाटलं असेल?

आपली युद्धकादंबरी इथून सुरू व्हायला हवी. इतरांच्या कादंबरीतला सैनिक रणांगणाच्या आठवणी घेऊन घरी येतो. आपला सैनिक घरी येतो तेव्हा त्याची दुसरी लढाई वेशीवर उभी असते.

१९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्यात नोकरी केलेली माणसं आजही आपल्या वस्त्यांत आहेत. तरुणांनो, त्यांच्या पदकांसोबत फोटो काढता, तसं तासभर त्यांच्याजवळ बसा. शौर्य नंतर विचारा. आधी विचारा, झोप लागते का, रजेवर गावी आल्यावर गाव कसं वागलं? सांगतील ते लिहून ठेवा. आपल्या माणसांचं मन आपण लिहिलं नाही, तर इतिहासात ते फक्त आकड्यात उरतील.

जय भीम!