व्हिडिओ प्रक्षेपण, बिनतारी

रेडिओलहरींवरून व्हिडिओ पाठवताना कमी बँडविड्थ वापरायची आणि चित्रही तुटू द्यायचे नाही, यासाठीच्या तंत्रांचा समूह. ही दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात. विषयाची खरी अडचण तीच आहे.

१९२० × १०८० बिंदूंच्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओला, दर बिंदूस २४ बिट धरल्यास, सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट लागतात. एच.२६४ (२००३) हे मानक तो भार काही मेगाबिटांवर आणते, एच.२६५ला (२०१३) त्याच दर्जासाठी साधारण निम्मे बिट पुरतात. आय-फ्रेममध्ये पूर्ण चित्र असते, पी-फ्रेममध्ये आधीच्या चित्रापासून झालेला बदल तेवढा. म्हणूनच एक पॅकेट हरवले तरी नुकसान तिथेच थांबत नाही. गोलंदाज धावत येताना त्याच्या हाताचा तुकडा गहाळ झाला, तर डिकोडर तिथे जुनाच भाग चिकटवतो, पुढच्या फ्रेम त्या चुकीवर रचल्या जातात आणि नवी आय-फ्रेम येईपर्यंत हात ठोकळ्याठोकळ्यांत फरफटत राहतो. आय-फ्रेम वाढवाव्यात, तर बिट वाढतात.

बिनतारी मार्ग मुळातच चंचल. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे फोन काही सेंटिमीटर सरकला तरी सिग्नल क्षीण होऊ शकतो.

चित्रपट पाहताना हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते. शिवाय एमपेग-डॅशमध्ये (२०१२) तोच भाग निरनिराळ्या बिटरेटमध्ये तयार असतो. नेटवर्क पाहून प्लेअर त्यातला एक निवडतो. व्हिडिओ कॉलला एवढी उसंत नसते. तिथे जादा पॅकेट आधीच पाठवून चूक सुधारण्याची सोय ठेवावी लागते. एकाच वेळी असंख्यांना पाठवताना रॅप्टर कोड विशेष उपयोगी पडतात : कोणती पॅकेट मिळाली याला महत्त्व नाही, मूळ संख्येहून थोडी अधिक मिळाली की पुरे.

क्लॉड शॅननच्या १९४८च्या सिद्धांतानुसार चित्राचे संक्षेपण आणि चुकांपासूनचे संरक्षण वेगवेगळे आखले तरी चालते; पण त्यासाठी अमर्याद विलंब सोसण्याची तयारी आणि एकच, ज्ञात गुणधर्मांचा मार्ग हवा. प्रत्यक्षात यांपैकी काहीच हाती नसते, म्हणून दोन्हींचा एकत्र विचार करणेच श्रेयस्कर. एमआयटीतील शिमोन याकुबचाक व दीना कताबी यांच्या सॉफ्टकास्टमध्ये (२०११) प्रक्षेपित मूल्ये बिंदूंच्या मूल्यांशी प्रमाणबद्ध ठेवली जातात. सिग्नल घसरला तर चित्र एकदम गोठत नाही, त्याच प्रमाणात धूसर होते.