मोठ्या प्लॅनचा हेत्वाभास

घरातले इंटरनेट अडखळू लागले की आपल्याकडे दोनच निदाने होतात. कंपनी लुबाडते आहे, नाहीतर आपला प्लॅन लहान आहे. दोन्हींवर उपाय मात्र एकच, आणि तो कंपनीचा प्रतिनिधीही फोनवर आनंदाने सुचवतो: शंभर एमबीपीएसचा प्लॅन असेल तर दोनशेचा घ्या, दोनशेचा असेल तर तीनशेचा. ज्याला लुबाडणारा म्हणायचे त्याच्याच हाती आणखी पैसे द्यायचे, हा विनोद कुणाच्या लक्षात येत नाही. माझे म्हणणे उलट आहे. दारापर्यंत फायबर आलेल्या शहरी घरांत तक्रारीचे मूळ बहुतेकदा कंपनीच्या तारेत नसते. ते घरातल्या हवेत असते, आणि हवेतला दोष प्लॅन वाढवून जात नाही.

पूर्वपक्ष मूर्खपणाचा नाही, हे आधी मान्य करू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या किंकाळ्या ऐकत यायचे. पुढे बरीच वर्षे खरोखर तारच अरुंद होती. सरकारी व्याख्येनुसार २०२३च्या आरंभापर्यंत ५१२ केबीपीएसलाही ‘ब्रॉडबँड’ म्हणता येत होते. नंतर ती किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. अशा काळात वेग दुप्पट केला की फरक डोळ्यांना दिसायचा. म्हणजे मत अनुभवातून आले. अनुभव जुना झाला, मत तेवढे राहिले.

आता हिशेब पाहा. ४के चित्रपटासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरेसे मानते. झूमवरच्या सामूहिक बैठकीला, चित्र उत्तम हवे असले तरी, चारच्या आसपास लागतात. एका घरात चार टीव्ही एकाच वेळी ४के दाखवत असले तरी साठ होतात. शंभरचा प्लॅन असलेल्या घरात आईची व्हिडिओ कॉलवरची मान थिजते, तेव्हा ती एमबीपीएस कमी पडल्यामुळे थिजते असे म्हणायला गणिताचा आधार नाही. गूगलमधल्या माइक बेल्शी यांनी २०१० मध्ये वेब पाने उघडण्याचा वेळ मोजून दाखवला होता. वेग ५ वरून १० एमबीपीएसवर नेला, तर पान उघडण्याच्या वेळात जेमतेम ५ टक्क्यांची सुधारणा झाली. दर फेरीला लागणारा विलंब कमी केला, तेव्हा मात्र सुधारणा सरळ रेषेत होत गेली. पान उघडायला ब्राउझरला अनेक फेऱ्या माराव्या लागतात, आणि रुंद रस्त्यामुळे फेऱ्या कमी होत नाहीत.

खरा खलनायक हवेत आहे, त्याचा इतिहास थोडा सांगतो. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, टक्कर झाली तर थांबून पुन्हा बोलावे, एवढाच नियम. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८.४ टक्के उपयोगी पडते, हे गणिताने निघते. वायफाय हा त्याचाच शहाणा झालेला वारस. १९९७च्या पहिल्या मानकापासून ते बोलण्याआधी ऐकते आणि वाहिनी मोकळी दिसली तरच बोलते. पण मूळ अडचण तीच: एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. सहाव्या पिढीच्या वायफायमध्ये थोडी वाटणी करता येते, तरी सोसायटीच्या वार्षिक सभेत एकच माइक असावा तसा हा प्रकार राहतो. त्यात शेजाऱ्याच्या राउटरलाही त्याच माइकवर बोलायचे असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच धरतात: १, ६ आणि ११. डोंबिवलीतल्या किंवा कोथरूडमधल्या एखाद्या इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडून पाहा. वीस-पंचवीस नावे सहज दिसतात, आणि त्यांतली या पट्ट्यातली सगळी या तीन जागांसाठी रांगेत असतात. शेजारचे मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. त्याला रांगेचे भान नाही.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट ग्रनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवली. एकाच राउटरवर एक उपकरण ११ एमबीपीएसने आणि दुसरे, दूर असल्यामुळे, १ एमबीपीएसने बोलत असेल, तर वेगवानाची गतीही मंदाच्या पातळीच्या खाली येते. बोलायची पाळी दोघांना सारखीच मिळते, पण मंद उपकरण आपल्या पाळीत हवा कितीतरी जास्त वेळ अडवून ठेवते. म्हणजे मागच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, आजोबांचा जुना फोन भजनाचा व्हिडिओ ओढत असेल, तर राउटरशेजारी बसलेल्या नातवाचा लॅपटॉपही रखडतो. नव्या राउटरांत यावर उतारे आहेत. कंपनीने जोडणीबरोबर फुकट दिलेल्या डब्यात ते असतीलच असे नाही. नातू प्लॅन वाढवायला सांगतो. वाढवा. आजोबांचा फोन पूर्वीइतकाच वेळ हवा अडवील.

राउटर ठेवण्याच्या जागेबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी करत नाही. केबलवाला दारातून तार आत घेतो आणि जिथे प्लग दिसेल तिथे डबा टांगतो: चपलांच्या कपाटावर, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला. आरसीसीच्या भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झची लहर लवकर दमते. कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती पावसात पाणी धरतात तेव्हा अडथळा आणखी वाढतो. अशा घरी सांगितला जाणारा उपाय म्हणजे रिपीटर. पण एकाच रेडिओचा स्वस्त रिपीटर ऐकलेले सगळे त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो. फोनवर दांड्या वाढतात आणि वेग साधारण निम्मा होतो. दांड्या पूर्ण आहेत म्हणजे नेट चांगले, हा भ्रमही इथलाच. दांड्या राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढेच सांगतात. राउटरच्या पलीकडे काय चालले आहे याबद्दल त्या मुक्या आहेत.

दुसरा दोष राउटरच्या पोटात असतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली यांच्यामधल्या जोडणीचा वेग ३२ केबीपीएसवरून एकदम ४० बिट प्रति सेकंदावर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर चारशे यार्ड. तार तीच होती, शाबूत होती. गर्दीत कसे वागायचे हे संगणकांना ठाऊक नव्हते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरचा इलाज मांडला, आणि इंटरनेट आजही त्याच्या आधारावर उभे आहे. नंतर मेमरी स्वस्त झाली आणि राउटर बनवणाऱ्यांनी त्यांच्या पोटात मोठमोठे बफर, म्हणजे माहिती थांबवून ठेवायच्या जागा, भरले. गर्दीत टाकून द्यायची माहितीची पॅकेटे तिथे रांगेत सडू लागली. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा जेकबसन यांनीच त्यावर कोडेल ही पद्धत दिली. घरातला एक फोन सुट्टीतले फोटो क्लाउडवर चढवू लागला की दुसऱ्या खोलीतली मुलाखत तुटते, ती अनेकदा या रांगेमुळे. चांगल्या राउटरमध्ये रांग आवरण्याची सोय असते, आणि तिची किंमत मोठ्या प्लॅनच्या वर्षभराच्या फरकापेक्षा कमी असू शकते.

आता रीस्टार्ट. ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला निव्वळ अंधश्रद्धा नाही. भरलेली मेमरी रिकामी होते, राउटर कमी गर्दीची वाहिनी नव्याने शोधू शकतो, अडकलेली जोडणी सुटते. पण बऱ्याचदा रस्त्यावरची दुरुस्ती संपायला आणि तुम्ही बटण दाबायला एकच गाठ पडते. कावळा बसला आणि फांदी तुटली. जो राउटर दर दोन दिवसांनी रीस्टार्ट मागतो तो बरा होत नसतो, फक्त आजार पुढे ढकलत असतो.

‘म्हणजे कंपनी निर्दोष?’ असा प्रश्न येईल. मुळीच नाही. डब्यावर ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही, रस्ता खणताना फायबर तुटली असेल. जीपॉन पद्धतीत सुमारे अडीच गिगाबिटची एक वाट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते, आणि वरची जोडणी काटकसरीने घेतली असेल तर रात्री नऊला सगळेच रडतात. प्रश्न दोष कुणाचा हा आहे, आणि तो मतांनी सुटत नाही. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक इथे नेमका लागू पडतो: कारण असताना कार्य आहे का, कारण काढल्यावर कार्य जाते का. वायफाय काढा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि त्याच वेळी त्याच कामाची गती पाहा. तारेवर सुरळीत आणि हवेत रखडते, तर दोष घरातला. तारेवरही रखडते, आणि तेही फक्त रात्री, तर कंपनीचा. केबल मात्र आठही तारा नीट जोडलेली हवी. चारच जोडल्या असतील तर शंभरच्या वर वेग जाणारच नाही आणि दोनशेचा प्लॅन विनाकारण बदनाम होईल.

लॅन केबल नसेल तर उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारे, १९८३ पासूनचे ‘पिंग’ आहे. राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, त्याला वायफायवरून पिंग करा. चार-पाच मिलिसेकंदांत उत्तर यायला हवे. स्वतःच्याच घरातल्या राउटरकडून उत्तर यायला दोनशे लागत असतील, तर कंपनीची हद्द अजून सुरूही झालेली नाही. हे आकडे दुपारी आणि रात्री दहाला, तारेवर आणि तारेविना, कागदावर टिपून ठेवा आणि मग ग्राहक सेवेला फोन लावा. त्यांनी मोठा प्लॅन सुचवला, तर आधी तो कागद वाचून दाखवा.