पुतळा तोमिस्लावचा, दगड ब्रानिमिरचे

राजाला चांदी कमी पडली, म्हणून त्याने ती आर्चबिशपकडून घेतली. अकरा पौंड. क्रोएशियाच्या पहिल्या राजघराण्याचा सर्वांत जुना दस्तऐवज या व्यवहाराचा आहे. राजाचं नाव त्रपिमिर. काटेकोर बोलायचं तर तो राजा नव्हे, फ्रँक सम्राटाचं वर्चस्व मानणारा ड्यूक होता. स्प्लिटच्या मागे क्लिसच्या खिंडीखाली रिझिनित्से इथे त्याने बेनेडिक्टाइन साधूंसाठी मठ बांधला. मठाला पूजेची भांडी हवी होती आणि तेवढी चांदी पदरी नव्हती. आर्चबिशप पेतारशी त्याचं बाप्तिस्म्याच्या निमित्ताने नातं जडलेलं होतं. पेतारने चांदी दिली. बदल्यात पुताल्य इथलं संत जॉर्जचं चर्च आणि त्याच्या जमिनी आर्चबिशपच्याच असल्याचं त्रपिमिरने लिहून दिलं. साल 852 मानतात, काही अभ्यासक ते थोडं मागे नेतात. त्या लेखात त्रपिमिर स्वतःला क्रोएट लोकांचा ड्यूक म्हणवतो, आणि तिथल्या शाळकरी मुलांना हा लेख तेवढ्या दोन-तीन शब्दांसाठी शिकवला जातो.

माझी उमेदीची वर्षं शिलाहारांची दानपत्रं वाचण्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी वेगळ्या जागी जाते: हा कागद जपला कोणी, आणि कशासाठी? मूळ लेख नाही. हाती आहे ती 1568 ची नक्कल. सातशे वर्षांनंतरही कोणाला तरी तिची गरज पडत होती. कारण पुताल्यचा वाद मिटलेलाच नव्हता. पहिल्या लेखानंतर चाळीसेक वर्षांनी निनच्या बिशपने त्याच चर्चवर हक्क सांगितला आणि मुन्त्सिमिर या ड्यूकला 892 मध्ये बियाची इथे निवाडा द्यावा लागला. त्याने तो स्प्लिटच्या बाजूने दिला. राजघराण्याचे हे दोन पायाभूत पुरावे म्हणजे एका डोंगरउतारावरच्या चर्चचा सातबाराच. राजाच्या कीर्तीसाठी कोणी नकला करत बसत नाही, जमिनीसाठी करतात.

याच त्रपिमिरच्या दरबारात गॉटशाल्क नावाचा एक सॅक्सन साधू काही काळ राहिला होता. दैवनियतीबद्दलच्या मतांमुळे पुढे त्याच्या धर्मबांधवांनी त्याला फटके मारून कोंडून ठेवलं. त्याने लिहून ठेवलेली एक आठवण मला फार आवडते. त्रपिमिर ग्रीकांवर, म्हणजे बायझंटाईन सैन्यावर चालून निघाला, तेव्हा गॉटशाल्कने आपल्या लहान शिष्याला घोड्याकडे बघत राहायला सांगितलं. घोडा उमदेपणाने चालला तर विजय, मान टाकली तर पराभव. घोडा उमदा चालला आणि त्रपिमिर जिंकला. ईश्वरशास्त्राच्या चर्चेत मध्येच आलेली ही गोष्ट दरबारातल्या कुठल्याही भाटाच्या वर्णनापेक्षा मला भरवशाची वाटते, कारण ती सांगून गॉटशाल्कला राजाकडून काही मिळवायचं नव्हतं.

आता तोमिस्लाव. झाग्रेबच्या रेल्वे स्टेशनासमोर तो घोड्यावर बसलेला आहे. शिल्पकार रॉबर्ट फ्रान्गेश मिहानोविच. रस्ते, चौक, शाळा त्याच्या नावाच्या. बोस्नियातल्या दुव्नो गावाचं नावसुद्धा तोमिस्लावग्राड झालं आहे. 1925 साली त्याच्या राज्याची सहस्राब्दी थाटात साजरी झाली, आणि त्याचा राज्याभिषेक दुव्नोच्या मैदानात झाला असं सर्वांनी धरून चाललं. आधार काय? एका मध्ययुगीन बखरीत त्या मैदानावरच्या सभेचं वर्णन आहे, पण तिथला राजा वेगळ्याच नावाचा. एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासकारांना राष्ट्रपुरुष हवा होता. त्यांनी ती सभा तोमिस्लावच्या नावावर केली. हातात उरतं ते एवढं: 925 च्या सुमाराचं पोप जॉन दहावे यांचं पत्र, ज्यात त्याला क्रोएटांचा राजा म्हटलं आहे, आणि तेही उशिराच्या नकलेतून आलेलं. त्याच वर्षीच्या स्प्लिटच्या धर्मसभेचे उल्लेख आहेत. बल्गेरियाच्या सिमेऑनची फौज क्रोएटांनी डोंगरात कापून काढली, तेही याच काळात. बायझंटाईन सम्राट कॉन्स्टंटाईन सातवा याने क्रोएटांचं बळ 60,000 घोडेस्वार आणि 1,00,000 पायदळ असं नोंदवलं आहे. दाल्मेशियाच्या उघड्या खडकाळ डोंगररांगा ज्याने पाहिल्या आहेत त्याने साठ हजार घोड्यांच्या चाऱ्याचा विचार करावा. तोमिस्लावच्या नावाचा त्याच्या काळातला एकही दगड मात्र सापडलेला नाही.

याच्या नेमकं उलट ब्रानिमिरचं. 879 मध्ये त्याने झ्देस्लावला मारून सत्ता घेतली. झ्देस्लाव त्रपिमिरच्या घराण्यातला, बायझंटाईनांच्या मदतीने गादीवर आलेला. ब्रानिमिर कोणत्या घरचा, यावर अजून वाद घालतात. त्याने तत्काळ रोमशी संधान बांधलं. पोप जॉन आठवे यांनी त्याच वर्षी स्वर्गारोहणाच्या सणादिवशी भर पूजेत हात उंचावून त्याला, त्याच्या लोकांना आणि त्याच्या भूमीला आशीर्वाद दिला आणि तसं पत्र धाडलं. त्याचं नाव कोरलेले दगड मात्र पुष्कळ मिळाले: बेन्कोवात्सजवळ शोपोत, निन, मुच, आणखीही ठिकाणी. मुचचा दगड 1871 मध्ये सापडला. त्यावर 888 हे साल आहे. सालासकट कोरलेला लेख म्हणजे काय चैन, हे आमच्या धंद्यातल्यांना विचारा.

हे दगड राजाज्ञांचे नाहीत. चर्चमध्ये वेदी आणि भक्तांची जागा यांच्यात दगडी कठडा असे. त्याच्यावरच्या आडव्या पट्टीवर आणि त्रिकोणी माथ्यावर तीन पदरी वेणीची नक्षी, आणि नक्षीच्या कडेने देणगीदाराचं नाव, अमुक ड्यूकच्या काळात म्हणून. पुढे चर्चं पडली, बदलली, कठडे मोडले आणि तुकडे गावकऱ्यांनी भिंतींत आणि थडग्यांवर वापरले. त्यामुळेच ते वाचलेही. 1885 च्या सुमारास क्निनजवळ रेल्वेच्या कामात कापितुलचे अवशेष उघडे पडले आणि लुयो मारुन हा फ्रान्सिस्कन साधू झपाटल्यासारखा दगडांच्या मागे लागला. 1893 मध्ये त्याने क्निनला संग्रहालय उभं केलं. त्याचाच वारसा आज स्प्लिटच्या संग्रहालयात आहे. कापितुलच्या कोरीव दगडांवर याच घराण्यातल्या द्रझिस्लावचं नाव आहे, आणि तिथेही तो महान ड्यूकच आहे. तेराव्या शतकातला स्प्लिटचा आर्चडीकन टोमा म्हणतो की द्रझिस्लावला बायझंटाईन सम्राटाने राजचिन्हं दिली आणि तिथून पुढचे सगळे दाल्मेशिया आणि क्रोएशियाचे राजे म्हणवले गेले.

टोमाचा ग्रंथ वाचूनच फ्राने बुलिच या धर्मगुरू-पुरातत्त्वज्ञाने सोलिनला खणायचं ठरवलं. राणी येलेनाने तिथे दोन चर्चं बांधल्याचं आणि त्यातल्या एकाच्या प्रवेशदालनात राजे पुरल्याचं टोमाने लिहिलं होतं. 1898 मध्ये याद्रो नदीतल्या बेटावर येलेनाच्या थडग्यावरचा लेख सापडला, चुरा झालेला. तुकडे जुळवल्यावर कळलं की ती 8 ऑक्टोबर 976 रोजी वारली, मिहायलो राजाची बायको आणि स्तेपान राजाची, म्हणजे द्रझिस्लावची आई होती, अनाथांची आणि विधवांची कैवारी होती. वंशावळीतला एक सांधा त्या एका लेखाने पक्का केला. इतक्या पुरुषांच्या घराण्याचा सर्वांत बोलका दगड एका बाईच्या थडग्याचा निघाला, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

पुढचे राजे कागदांत अधिक आणि दगडांत कमी. पेतार क्रेशिमिर चौथ्याने 1069 मध्ये झादरच्या संत क्रिसोगोनसच्या मठाला माउन बेट देताना एड्रियाटिकला आमचा समुद्र म्हटलं. त्याच्या मागून आलेला झ्वोनिमिर या घराण्यातला होता की नाही, कोण जाणे. सोलिनला पोपच्या दूताने त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. 1089 मध्ये तो गेला आणि स्प्लिटच्या मठात राहणाऱ्या आजारी स्तेपानला बाहेर काढून राजा केलं. दोनेक वर्षांत तोही वारला आणि घराणं संपलं.

1102 मध्ये हंगेरीच्या कोलोमानने बियोग्रादला मुकुट घातला. क्रोएशियाच्या बारा कुळांशी त्याने करार केल्याचं सांगणारा एक लेख आहे, पण तो चौदाव्या शतकातला. त्यात काय आहे? कुळांना करमाफी, आणि द्रावा नदीपर्यंतच्या लढाईला प्रत्येकाने स्वखर्चाने किमान दहा घोडेस्वार द्यायचे. नदीपलीकडचा खर्च राजाचा. खरा की बनावट, यावर क्रोएशिया आणि हंगेरीचे इतिहासकार पिढ्यान् पिढ्या भांडले आहेत. इतक्या उशिरा हा कागद कोणाला लागला असेल, हे त्या कलमांत स्वच्छ लिहिलेलं आहे.