नैसर्गिक प्रतिपिंडे : परळपासून धमनीच्या भिंतीपर्यंत

रोगाशी गाठ पडल्यावर किंवा लस टोचल्यावर शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे परका पदार्थ ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, तयार होतात. परंतु काही प्रतिपिंडे अशा कोणत्याही उघड निमित्तावाचून रक्तात आढळतात आणि त्यांना नैसर्गिक प्रतिपिंडे म्हणतात. ए गटाच्या माणसाच्या रक्तरसात बी गटाविरुद्धची प्रतिपिंडे असतात ती याच प्रकारची असून, आतड्यातील जिवाणूंवरच्या, बी गटाच्या खुणेसारख्याच शर्करांमुळे ती बाळपणीच निर्माण होतात, असे मानले जाते.

या प्रतिपिंडांच्या इतिहासातील एक मोलाचे पान मुंबईत लिहिले गेले. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांसह १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडले : काही व्यक्तींच्या लाल पेशी ए-विरोधी वा बी-विरोधी रक्तरसाने चिकटत नव्हत्या, म्हणून त्या ओ गटाच्या भासत, पण त्यांचा स्वतःचा रक्तरस मात्र ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. ए आणि बी या दोन्ही खुणा ज्या मूळ शर्करेवर उभारल्या जातात ती ‘एच’ शर्कराच या पेशींवर नव्हती, आणि जे शरीराला आपले म्हणून ठाऊकच नव्हते त्याविरुद्ध प्रतिपिंडे आपोआप तयार झाली होती. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट होय. पुढे १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ती हीच.

रक्तपेढीत अडथळा ठरणाऱ्या नैसर्गिक प्रतिपिंडांची दुसरी बाजू धमनीविकारात दिसली. धमनीकाठिण्य हा केवळ चरबी साचण्याचा नव्हे, तर धमनीच्या भिंतीतील दीर्घकालीन दाहाचा रोग आहे : कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण भिंतीत शिरून ऑक्सिडीकृत होतात, भक्षक पेशी ते गिळून फुगतात आणि दाह चालू राहतो. अशा बिघडलेल्या कणांवर फॉस्फोकोलिन हा रेणुगट उघडा पडतो, आणि तोच न्यूमोनियाच्या जिवाणूच्या पेशीभिंतीवरही असतो. आयजीएम वर्गाची काही नैसर्गिक प्रतिपिंडे दोघांनाही चिकटतात व भक्षक पेशींना ते कण गिळू देत नाहीत. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की न्यूमोकॉकस जिवाणूची लस दिलेल्या उंदरांत ही प्रतिपिंडे वाढून धमनीतील थर घटले. माणसात मात्र हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही, आणि उंदरांच्या निष्कर्षावरून रुग्णाला आशा लावणे अयोग्य ठरेल.

परळचा धडा मात्र आजच उपयोगी आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त लागते, ओ गटाचे घातक ठरते. म्हणून ज्याच्या ‘ओ’ रक्ताची कोणत्याही ओ पिशवीशी जुळणी होत नाही, त्याने एच तपासणी करून घ्यावी आणि गट निश्चित झाल्यास आपले नाव रक्तपेढीकडे नोंदवावे.